क्लचचा पाय
पावणं, आमच्या जोतीरामला तुम्ही वळखत नसाल तर तुमचं नशीब थोर. एसटीचा ड्रायव्हर, वय एक्कावन्न, गाडी कोल्हापूर-चंदगड. मी त्येचा कंडक्टर. अकरा वर्षं मी तिकिटं देतोय आणि त्यो मला अक्कल शिकवतोय.

सव्वीस वर्षं धुक्यात, चिखलात, वळणावळणांनी गाडी हाकली, पण गड्याच्या अंगावर ओरखडा न्हाय. आणि पाय कुठं घालवला? चंदगड स्टँडात, उभ्या गाडीतनं उतरताना. बेतानं उतरायचं काम पॅसेंजरचं, ड्रायव्हरनं उडीच मारायची, असा ह्या गड्याचा नियम. खाली शेवाळ हुतं. डावा गुडघा असा पिरगळला की आतला लिगामेंट, म्हंजे दोन हाडं बांधून धरणारा पट्टाच तुटला. ऑपरेशन झालं. बरं, पाय कुठला? क्लचचा.

थोड्या दिवसांनी मांडी बघितली तर निव्वळ काकडी. त्यात डेपोतनं मेडिकलची तारीख आली. पास झाला तर चंदगड गाडी, न्हाईतर डेपोत खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिवायचे. खुर्चीचं नाव ऐकल्यापास्नं त्यो जेवत न्हाय, असं त्येची बायको बनाबाई सांगत हुती. मी म्हटलं, मग एवढं पोट कशानं आलंय? ती हसली न्हाय. तवा कळलं, मामला खरा हाय.

मग सगळी गल्ली डॉक्टर झाली. कुणी पायाचं सूप पाजलं, कुणी तेल चोळलं. सूप पिऊन पोट वाढलं, मांडी हाय तशीच. शेवटाला गेला रोहिणी मॅडमकडं. राजारामपुरीत त्यांची फिजिओथेरपी हाय, वय त्येच्या लेकीएवढं. मॅडमनी समजावलं की ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर जड वजन टाकता येत न्हाय, आणि जड वजनाबिगर मांडी भरत न्हाय. म्हणून मांडीला वर, जांघेपाशी, बीपी मोजायच्या पट्ट्यासारखा रुंद पट्टा बांधायचा आणि त्यात हवा भरायची. रक्ताची वाट थोडी अडती आणि एक किलो वजनातच मांडीला वाटतं, पोतं उचललं. मशिनीवर तपासून त्यांनी माप काढलं. रक्त पुरं थांबायला जेवढं प्रेशर लागतंय, त्येच्या साठ टक्केच भरायचं. तीसदा पाय उचलायचा, मग दम खात पंधरा-पंधरा तीनदा, आणि पट्टा सोडायचा.

एक किलो ऐकून गड्याचा अपमान झाला. एवढं तर मी कांदं आणतो, म्हणाला. पण खरं दुखणं निराळंच हुतं. सकाळी एसटी चालू केली की हवेचा काटा पुरा चढल्याबिगर ब्रेक सुटत न्हाय. कमी प्रेशरवर गाडी काढणारा ड्रायव्हर न्हवं, गुन्हेगार, असं ह्यो नव्या ड्रायव्हरांना जन्मभर ऐकवत आलाय. आणि ही पोरगी साठ टक्क्यावर त्येचा पाय रस्त्यावर काढत हुती.

चौथ्या दिवशी मॅडम पलीकडच्या एका आजींना चालवायला गेल्या. ह्येनं हळूच रबरी फुगा हातात घेतला आणि दाबत सुटला. काटा पुरा. मी शेजारीच हुतो. खोटं कशाला बोलू, मलाबी पटलं हुतं. मीबी एसटीचाच की.

बाराव्या खेपेला पाय उचलंना. आधी पांढरा पडला, मग निळसर. घामानं शर्ट भिजला, पण तोंडातनं शब्द न्हाय, कारण दुखतंय म्हटलं तर कोल्हापूरची इज्जत जाती. शेवटी मीच बोंबललो. मॅडम पळत आल्या, हवा सोडली आणि बोटं गरम हुईपतोर पाय हातात धरून बसल्या. नंतर तेवढंच विचारलं, असं का केलं? त्येनं काट्याचं सांगितलं. मला वाटलं, आता पूजा बांधली जाणार.

त्या म्हणाल्या, "काका, गाडीत हवा पुरी भरली की ब्रेक सुटतो. पायात पुरी भरली की ब्रेक लागतो."

त्येच्या भाषेत त्येला गप करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्या दिवसापास्नं एक किलो, साठ टक्के, तक्रार न्हाय. मांडी भरत चालली. गल्लीनं श्रेय सुपाला दिलं.

मेडिकलला मीबी गेलतो. डॉक्टरसायबांनी एकट्या डाव्या पायावर खुर्चीतनं दहादा उठायला लावलं. सातदा उठला झकास. आठव्याला गुडघा थरथरला, नवव्याला त्येनं टेबल धरलं. सायेब भला माणूस, आणि बाहेर रांगबी मोठी. चालतंय, सही करतो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

जोतीरामनं कागदावर हात ठेवला. "नगा, सायेब. अजून दोन म्हैने द्या. माझ्या मागं पन्नास माणसं डोळं मिटून झोपत्यात."

त्या पन्नासात मीबी असतोय. अकरा वर्षं ह्येची टिंगल केली आणि अकरा वर्षं ह्येच्याच जिवावर झोपलो. मला रडू आलं, लपवायला जागाबी घावली न्हाय.

आता ते दोन म्हैने त्यो खुर्चीवर हाय. सकाळी चंदगड गाडी त्येच्यासमोरनं निघती, स्टेअरिंगवर दुसराच. जोतीराम नंबर लिवतो. गाडी गेटाबाहेर पडंपतोर मान वर करत न्हाय.