यंत्राला रोज एक तांब्या

आणे पठारावर पाणी म्हणजे शेततळ्यात साठेल तेवढंच. ते टोमॅटोच्या शेवटच्या तोड्यापर्यंत पुरवायचं, हाच आमच्या घराला उन्हाळाभर घोर. म्हणून मातीतली ओल मोजणारं यंत्र घ्यायचा हट्ट मी धरला. एक खांब, वर छोटं सोलर, खाली मुळांशी पुरलेल्या तारा. पाणी कधी द्यायचं त्याचा मेसेज मोबाइलवर.

सासरे म्हणाले, "जलम गेला माती मुठीत दाबून वळखण्यात. आता हे डबडं मला शिकवणार व्हय? बसव. पन पीक गेलं तर उपटून बांधावर फेकीन, आन् परत शेतीत तोंड घालायचं नाय."

मी मुलखाची फटकळ. म्हटलं, "चालंल."

नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. मग चार दिवस एकच मेसेज: ओल पुरेशी आहे, पाणी देऊ नका. इकडे झाडांनी सकाळीच माना टाकलेल्या. सासरे नुसती मूठभर माती उचलायचे आणि माझ्यासमोर बोटांतून भुरभुर सोडायचे. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी यंत्रवाल्याला झापायचं ठरवून मी खांबाचा फोटो काढायला गेले. पाहते तर सासूबाई तिथे उभ्या. खांबाला ताजं हळदकुंकू, बुडाशी सदाफुली, आणि हातातला तांब्या त्या नेमका तारांवर ओतत होत्या. सगळ्या रानात ओली जागा तेवढीच!

"अवो आत्या, रोज पाणी घालताय का इथं?"

"तर! नारळ फोडून देव बसवला, मग त्याला तहानलेला ठिवायचा व्हय?"

मी कपाळावर हात मारला. "त्याला वाटतंय सगळं रान भिजलंय! तुमच्या देवभोळेपणापायी माझं पीक चाललं!"

त्यांचा चेहरा उतरला. तांब्या पदराआड घेत म्हणाल्या, "मला काय ठावं, बाई. यंत्र नीट चालावं, ह्यांनी तुला बोल लावू नये, म्हून रोज त्याच्या पाया पडत व्हते."

माझ्या जिभेला हाडच नाही. लाज वाटली, रडूही आलं.

तारा दुसऱ्या सरीत हलवल्या. दुपारीच मेसेज आला, पाणी द्या. सासऱ्यांना सांगितलं, "माझंच चुकलं. यंत्र ओलसर जागी बसलं व्हतं." ते "हं" म्हणाले. झाडं दोन दिवसांत सावरली.

शेवटचा तोडा नारायणगावला गेला, तेव्हाही तळ्यात गुडघाभर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आम्हाला टँकर सांगावा लागला नाही. त्या संध्याकाळी सासरे खांबापाशी आले, बुडाची माती मुठीत दाबून बघितली.

"ही जागा कवाच ओलसर नव्हती," ते म्हणाले. "खांबावरचं हळदकुंकू मला बी दिसतं. पुढल्या साली डबडं कुठं बसवायचं, ते तूच ठरव. फकस्त तुझ्या आत्याचा तांब्या पोचणार नाय, असं बघ."