वर्गात वाजलेला फोन

परवा कपाटात बटणांचा जुना फोन सापडला आणि सौदीतली माझी नववी आठवली. आई ताईच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीला गेली होती. बाबांना रिफायनरीत फोन न्यायला बंदी, म्हणून तो त्यांनी माझ्याकडे दिला. शाळेतही बंदीच होती, पण मी तो दप्तरात लपवून नेला आणि नेमका गणिताच्या तासाला तो वाजला. मल्याळी मॅडमनी हिसकावून कानाला लावला, गोंधळल्या आणि म्हणाल्या, “मराठी है, तुम ही बोलो!” पलीकडून आई ओरडत होती, “अगं, ताईला मुलगी झाली!” मी रडत रडत ते सांगितलं, तसा अख्खा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. फोन मात्र जप्त झाला. दुसऱ्या दिवशी तो सोडवायला आलेले बाबा प्रिन्सिपल मॅडमची बोलणी खाली मान घालून ऐकत होते आणि मधेच म्हणत होते, “मॅडम, मैं नाना बन गया!” इतक्या आनंदाने बोलणी खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.