बरानकोटाची वाकळ

थंडी पडली की मेढ्याच्या साळूबाईला हुरूप यायचा. पौषात गावातल्या बाया शेकोटी सोडायला तयार नसत, आणि ही डोक्यावर पाटी घेऊन ओढ्याकाठची पांढरी माती आणायला निघायची. पावसाळ्यात घर भिजतं, उन्हाळ्यात तापतं, त्याला नटवायचं ते हिवाळ्यातच, असं तिचं म्हणणं. भिंती पांढऱ्याशुभ्र, खाली गेरूचा पट्टा, पट्ट्यावर मोर. मोर कोंबड्यासारखा दिसतो असं कुणी म्हणालं तर ती फटकन म्हणायची, "मग आरवंल त्यो. तुला काय तरास हाय?"

१९४६ सालच्या हिवाळ्यात मात्र ही नुसती हौस नव्हती. चार वर्षं लढाईवर काढून तिचा लेक सयाजी रजेवर आला होता. लढाई संपली होती. पलटणीत राहायचं की नाव कमी करून घ्यायचं, हे त्याला बेळगावला जाऊन सांगायचं होतं. घरात तो पाहुण्यासारखा बसे. सून लीला ताट वाढताना त्याच्याकडे चोरून बघे, पण विचारत नसे. साळूबाईनंही न विचारायचं ठरवलं होतं. पोराला राहा म्हणून सांगायचं नसतं, घरच असं करायचं की त्याचा पाय निघू नये. पण आतून म्हातारी पार घाबरली होती.

भिंती झाल्या तशी तिनं वाकळ शिवायला घेतली. वाकळेचे तिचे कायदे कडक. नवं कापड घालायचं नाही, ठिगळ लागलेलं सोडायचं नाही, आणि घरातल्या प्रत्येकाचा तुकडा हवाच, त्याशिवाय ऊब येत नाही. तिचं लाल लुगडं आलं, लीलेच्या चोळ्या आल्या, वारलेल्या धन्याचा पटका आला. सयाजीची मात्र घरात चिंधीही उरली नव्हती. तेवढ्यात खुंटीवरचा त्याचा लष्करी बरानकोट दिसला. जाडजूड, लोकरीचा, आणि कोपराला चांगलं तळहाताएवढं ठिगळ! सयाजी वेण्णा नदीवर आंघोळीला गेला होता. साळूबाईनं कात्री घेतली.

तिथून रानात हिंडून तो दिवस कलताना परतला, तेव्हा कोटाचा वाकळेत चौक झाला होता. पितळी बटणं चिंचेनं घासून तिनं भिंतीतल्या दिवळीभोवती पुन्हा ओली माती थापून तीत बसवली होती. दारातलं ऊन त्यांच्यावर पडून सगळी भिंत लखलखत होती.

"आये! सरकारी कोट हाय त्यो!"

"ठिगळ व्हतं त्याला."

"मीच लावलं व्हतं की! अजून चार हिवाळं निघालं असतं त्यात."

जे विचारायचं नव्हतं ते साळूबाईच्या तोंडातून गेलंच. "कुटं काढणार व्हतास रं, चार हिवाळं?"

तेवढ्यात लीलेला हसू आवरेना. "आत्याबाई, आवं, भिंतच भरती झाली की पलटणीत!" चार वर्षांत ती अशी खळखळून हसली नव्हती. सयाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि तोही पोट धरून हसायला लागला.

आठ दिवसांनी तो निघाला तेव्हा घालायला कोट नव्हता. साळूबाईनं त्याच्या अंगाभोवती वाकळ गुंडाळली. "घरची हाय. परत आणून दे," एवढंच म्हणाली, आणि मोटार दिसेनाशी झाल्यावर पदरात तोंड घालून रडली.

वीसेक दिवस गेले. ती अंगण सारवत होती. वाटेवर आधी लाल दिसलं, मग खाकी चौक. वाकळ ओळखून झाल्यावर तिला पोरगा ओळखू आला. थंडीनं तो कुडकुडत होता, आणि वाकळ नीट घडी करून खांद्यावर.

शेणाचे हात तसेच घेऊन ती धावली. "आरं लेका, अंगावर घ्यायची न्हाई व्हय?"

"मोटारीच्या धुळीनं मळली असती, आये," सयाजी म्हणाला. "आता हितंच लय हिवाळं काढायचं हायत तिला."