एकेरी बांधणी

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. त्यांच्या पत्रकांतला, वजनात शेतकऱ्याला लुबाडण्याविरुद्धचा ‘काटामारी बंद करा’ हा मथळा मी अक्षरं जुळवायला शिकताना वाचला. म्हणून तिसगावच्या एका वजनकाट्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायचं काम आलं, तेव्हा माझ्यासाठी ती लढाईच होती.

काट्याच्या केबिनमध्ये एक स्क्रीन, बाहेर शेतकऱ्यांना दिसेल असा दुसरा. दोन्हींवरची वजनाची चौकट मी काट्याकडून येणाऱ्या आकड्याला बांधली होती. बांधणी दुहेरी केली, तर चौकटीत टाइप केलेलं मूळ आकड्यात जाऊन बसतं. एकेरीत काटा बोलतो, चौकट फक्त दाखवते. मी एकेरी केली.

काट्याचे मालक, शेठ, म्हणाले, “ताई, अडीअडचणीला हातानं आकडा टाकता आला पाह्यजे.”

“अडचण कोणाची, शेठ?”

“तुमी लई भाषण करता. आज बाजार हाय. बाहेरचा स्क्रीन नीट चालला तर राहू द्या तुमचं. न्हाईतर ती चौकट मोकळी करायची.”

मी पैज स्वीकारली. कांद्याची पहिली ट्रॉली काट्यावर चढली आणि दोन्ही स्क्रीनवर शून्य. तसूभर हलेना.

“माझा कांदा हवेत तरंगतोय का काय?” ट्रॉलीवर बायकोसोबत बसलेला शेतकरी ओरडला. लोक हसले. शेठनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

कोड पुन्हा वाचला. प्रोग्रॅमच्या आत आकडा बदलत होता, पण बदललो म्हणून चौकटींना सांगत नव्हता. चौकट आपणहून विचारायला जात नाही. आकड्यानं हाक द्यावी लागते. ती हाक देणारी ओळच मी लिहिली नव्हती. ती लिहिली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

शून्य उडालं! आकडा सरसर चढला, थरथरला, थांबला. आत तोच, बाहेर तोच.

शेतकऱ्याचा विश्वास बसेना. “थांबा, मी उतरतो.” तो काट्यावरून खाली उतरला, आकडा घसरला. पुन्हा चढला, आकडा वाढला.

“आता वहिनींना उतरवा की!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“बाईमाणसाचं वजन बाजारात सांगू व्हय?”

गोण्यांवर बसलेली त्याची बायको म्हणाली, “तुमचं तर समद्यांनी बघितलं. उद्यापासून एक भाकरी कमी!”

हशा थांबेना. मागच्या ट्रॉलीवाल्यानं विचारलं, “आमचं पण असंच दिसंल ना?”

माझ्याआधी शेठच दारात गेले. “दिसंल म्हंजे? या, लावा ट्रॉली! आपल्याकडं समदं उघड्यावर हाय!”

आत येऊन त्यांनी माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलला आणि बाजूला ठेवला.

“ती मोकळी चौकट, शेठ?”

“कशाला? एवढी माणसं बाहेर डोळे लावून बसल्यात. ऱ्हाऊ द्या एकेरीच.”

बाहेर आकडा पुन्हा चढू लागला होता.