आत घेतलेली शिलाई

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीमास्तर. रस्त्याच्या कोपऱ्यावर एवढंसं दुकान, त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावताच कमरेचं माप सांगायची खोड. अंदाज सहसा चुकत नसे, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! बायको हसून म्हणायची, "यांना माणसं दिसतच नाहीत, नुसती मापं दिसतात." ती थट्टेत म्हणायची, पण खरंच होतं ते.

पन्नाशी ओलांडल्यावर काळ्या कापडावरची काळी शिलाई त्यांना पुसट दिसायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ते गेले, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. मधुमेह निघाला.

"गोळ्या घ्याच, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. खाणं बदला. जिभेला आवरलं नाहीत तर डोळे जातील," बाईंनी स्वच्छ सांगितलं.

डोळे गेलेल्या शिंप्याने करायचं काय? मास्तर तोंड पाडून घरी आले. बायकोने मात्र कंबर कसली. साखरेचा डबा तिने शेजारणीला देऊन टाकला. पांढरा पाव बंद, बटाटा बंद, भात मूठभर. त्याऐवजी पालेभाज्या, कडधान्यं, उकडलेली अंडी. मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं.

"मी काय बकरी आहे का गं? नुसता पाला!"

"मग मीही बकरी," ती म्हणाली. "तुमच्या ताटात जे, तेच माझ्या ताटात. मी चोरून एक घास खाल्ला, तर तुम्ही खुशाल दोन खा."

बायको समोर बसून तेच चावते म्हटल्यावर कुरकुर करायला तोंड उरलं नाही. हळूहळू साखर खाली यायला लागली. मास्तरांचं पोट उतरलं. बायकोही उतरली. तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा मास्तरांनी ते स्वतः उसवले आणि मोठ्या हौसेने कमरेत आत घेतले. "लग्नात होतीस तशी झालीस की!" ते म्हणाले, आणि ती चक्क लाजली. पुढे पुन्हा आत घ्यावे लागले. मग आणखी एकदा. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "आमच्याकडे बघा, या वयात दोघंही चवळीच्या शेंगा!" ती ताटात अर्धं टाकते, हे त्यांना दिसत होतं. पण त्यांना वाटे, बाईचा निग्रह आपल्याहून दांडगा. कौतुकच वाटे त्यांना. काय म्हणावं या माणसाला!

लेक सुट्टीत माहेरी आली आणि आईला बघून दारातच रडू लागली. दुसऱ्या दिवशी तिने आईला इस्पितळात नेलं. दुखणं पोटातलं होतं आणि सगळीकडे पसरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

बायकोच मध्ये बोलली. "त्यांना नका विचारू. मीच म्हणायचे, पथ्यामुळे उतरतंय."

घरी आल्यावर मास्तरांनी तिचा हात धरला. "दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं पित्त असेल, जाईल. मग नुसता मऊ भात खावासा वाटायचा. पण मी वेगळं खायला लागले असते, तर तुम्ही पथ्य मोडलं असतं. तुमचे डोळे..." एवढं बोलूनही तिला धाप लागली. मास्तर लहान मुलासारखे ढसाढसा रडले. तीच त्यांची पाठ थोपटत राहिली.

ती गेली. मास्तरांनी पथ्य मोडलं नाही. मोडायचं कुणाच्या जिवावर? पुढच्या तपासणीत साखर अगदी आटोक्यात निघाली. डॉक्टरीणबाईंना काही ठाऊक नव्हतं. "डोळे शाबूत आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "मिसेसना माझी शाबासकी सांगा." मास्तर "सांगतो" म्हणाले.

मग एक दिवस समोरच्या बँकेतल्या बाई कपड्यांची पिशवी घेऊन दुकानात आल्या. स्वारी खुशीत होती.

"मास्तर, हे सगळे आत घ्या. गोड सोडलंय मी. बघा, कशी उतरलेय!"

मास्तरांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. ती त्यांच्याकडे परत सरकवली. "आधी डॉक्टरांना दाखवून या. मग घेतो."

"अहो, मला काय धाड भरलीय? घरचे तर सगळे खूश आहेत."

"घरचे खूशच असतात, बाई," मास्तर म्हणाले. "मी केवढा खूश होतो."