माझ्या वजनाची हवा

"वजन किती तुमचं, ताई?"

सायकलच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मेकॅनिककाकांनी विचारलं आणि मी थिजलेच. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी माउंटन बाइक विकून टाकावी, इतकी माझी मनगटं दुखत होती. शेवटचा उपाय म्हणून तिचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दुहेरी दांडा, साफ करायला आणला होता. त्यात माझं वजन कुठून आलं?

"कशाला?" मी तुटकपणे म्हणाले.

"अहो, या फोर्कात स्प्रिंग नाही, हवा आहे. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते." त्यांनी पंप लावून काटा पाहिला आणि हसले. "ही तर नव्वदेक किलोच्या माणसासाठी भरलीय. आधीच्या मालकाचीच दिसते. मग फोर्क कसा दबणार तुमच्यानं?"

मला धक्काच बसला. दर रविवारी मी हा फोर्क पुसत होते, पण वरचं चिमुकलं झाकण कधी उघडलं नाही. बिघडलं तर, म्हणून. प्रत्येक खड्डा हातांत शिरायचा आणि वाटायचं, आपणच कमी पडतोय. शाळेत बाक उंच होता, तेव्हाही वर्षभर मी पाय लोंबकळत गप्प बसले होते. कुणाला विचारायचं असतं, हे सुचलंच नव्हतं.

"बावन्न," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी व्हॉल्व्ह दाबला. एका अनोळखी माणसाची हवा फुसफुसत बाहेर पडली, बराच वेळ. मग मी हँडलवर भार टाकला. फोर्क अलगद खाली गेला आणि मला घेऊन पुन्हा वर आला.