डावीकडून आवाज कमी येतो

मंडळी, आज सकाळी मला घाम फुटला होता.

मी स्वतः दुरुस्त केलेला जुना अँप्लिफायर रविवारी कात्रजच्या एका निवृत्त सरांना विकला. आज त्यांचा फोन आला. "अहो, डावीकडून आवाज कमी येतो. तपासून दिलात ना?"

मी कुठला कोर्स केलेला नाही, पण न तपासता वस्तू देत नाही. मीटर घेऊन गेलो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या!

शेवटी म्हणालो, "सर, स्पीकरकडे पाठ करून बसा."

"अरेच्चा! आता दुसरा स्पीकर कमी वाटतोय."

माझा जीव भांड्यात पडला. पण सरांना सांगायचं कसं?

तेवढ्यात सरांच्या घरच्या काकूच म्हणाल्या, "वर्षभर सांगतेय, डावा कान दाखवा. आता मेकॅनिकनंही दाखवून दिलं!"

घरी येऊन आधी माझे कान तपासले. दोन्ही सारखे आहेत. तुमचे?